परड्यातल्या लाकडी खोलीला नव्या खिडक्या बसवायच्यात, पश्चिमेच्या झडीचं काय करावं?

पायताणघर, कळंबा · २६ एप्रिल

नमस्कार. आमच्या घरामागं परड्यात सासऱ्यांनी बांधलेली एक खोली आहे. दोन फूट विटांचं जोतं, त्यावर लाकडी खांब आणि बाहेरून आडव्या फळ्या, वरची फळी खालचीवर चढवलेली. वर मंगलोरी कौलं. या खोलीत सासरे आणि आमचे हे कोल्हापुरी चपला शिवतात. कापशी प्रकारचं काम जास्त, मागणी आली तर पुकरी आणि बक्कलनाळी हे प्रकारही. कातडं, तळ, वेण्या, तयार जोड सगळं तिथंच असतं.

खोलीला तीन खिडक्या आहेत, दोन पश्चिमेला आणि एक दक्षिणेला. पश्चिमेला कुंपणापलीकडं नुसतं उसाचं रान. अडवायला झाड नाही, घर नाही, त्यामुळं वाऱ्यानं मारलेला पाऊस सरळ फळ्यांवर येतो. गेल्या वर्षी तरण्या पावसात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातनं पाणी आत झिरपायला लागलं ते म्हाताऱ्या पावसापर्यंत थांबलंच नाही. भिंतीला टेकून ठेवलेल्या कातड्यावर पांढरी बुरशी आली, काही तळांवर काळे डाग पडले. सासऱ्यांनी ते कातडं गिऱ्हाइकाला द्यायचं नाही म्हणून बाजूला काढलं. ते बघून मला फार लागलं.

आता पश्चिमेच्या दोन्ही चौकटी खालच्या कोपऱ्यात इतक्या कुजल्यात की पेचकस सहज आत जातो. नव्या सागवानी खिडक्या सुताराकडं तयार होत आल्यात, काचा अजून बसवल्या नाहीत. सुतार म्हणतोय, चौकट बसवून कडेनं सिलिकॉन मारू. हार्डवेअरच्या दुकानात म्हणाले, फोम भरा, एक थेंब येणार नाही. मला प्रश्न पडलाय तो असा: फळ्या आणि चौकट यांच्यामध्ये नक्की काय भरायचं? बाहेरून बेलतेल (उकळवलेलं जवसाचं तेल) लावायचं की ऑइल पेंट? आणि ७ जूनच्या आसपास मृग लागतो, तोवर हे सगळं उरकेल का?

अॅल्युमिनियम नको आहे. सासरे त्या खिडकीच्या उजेडात बसून चपलेची वेणी घालतात. त्यांना ती खिडकी जशी होती तशीच हवी आहे.

उत्तरेश्वरचा · २६ एप्रिल

ताई, खिडकीवर दीड फुटाचा पत्र्याचा छज्जा काढा. अर्धा त्रास तिथंच मिटेल. आमच्या माडीवर तेच केलंय. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनाही पाणी येतंच, त्यांच्या खालच्या खाचेतली पाणी जायची भोकं मातीनं बुजली की खाच भरून आत सांडते. तेव्हा लाकूड घेताय ते बरोबर आहे.

रंधा-पटाशी, फुलेवाडी · २७ एप्रिल

ताई, छज्जा चांगलाच, पण वारा असला की पाऊस आडवा येतो आणि छज्जाखालनं खिडकीवर बसतो. पन्हाळ्याकडं आणि पुढं गगनबावड्याच्या वाटेवर मी जी लाकडी कामं केली, तिथं छज्जा असूनही चौकटी कुजलेल्या बघितल्यात. त्यामुळं छज्जा करा, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कशावरही पैसे घालायच्या आधी पाणी नक्की कुठनं शिरतंय ते बघा. चौकट खाली कुजलीय म्हणून पाणी खालनंच येतं असं नसतं. बागेची नळी घ्या, जोराची धार नको, हलका फवारा. आधी फक्त खालचा दांडा आणि त्याखालच्या फळ्या दहा मिनिटं भिजवा. आत एकानं बॅटरी घेऊन बसायचं. काही दिसलं नाही तर दोन्ही उभ्या बाजू. तिथंही काही नाही तर मग खिडकीच्या वरची फळी. खालनं वर जायचं, हे विसरू नका. वरनं सुरुवात केली तर पाणी सगळीकडं ओघळतं आणि काहीच कळत नाही. जुन्या चौकटी अजून जागेवर आहेत, तेवढ्यात हे करून घ्या.

आता सिलिकॉनचं. सिलिकॉन पाणी आत येऊ देत नाही हे खरं, पण आत गेलेलं पाणी ते बाहेरही पडू देत नाही. फळ्यांच्या खोलीत थोडं पाणी फळीमागं जाणारच. फळी उन्हात आकसते, पावसात फुगते, रुंदीच्या बाजूनं जास्त, लांबीच्या बाजूनं जवळजवळ नाहीच. या हलण्यानं कुठंतरी सिलिकॉन लाकडापासून सुटतं, केसाएवढी फट पडते आणि त्या फटीतनं पाणी आत ओढलं जातं. मग ते चौकटीच्या पाठीला साचून राहतं. चौकट वरनं चकचकीत आणि मागनं पिठासारखी झालेली असते. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. फोमचं म्हणाल तर ऊन लागलं की तो पिवळा पडून त्याचा भुगा होतो, आणि कापलेल्या तोंडातनं तो पाणी पितो. लाकडाच्या भिंतीत बाहेरच्या अंगाला मी फोम भरत नाही.

कौलांमध्ये आपण काही भरतो का? एकावर एक चढवलेली असतात, म्हणून पाणी उतरून जातं. खिडकीभोवतीही तेच करायचं. वरची वस्तू नेहमी खालचीच्या बाहेरून उतरली पाहिजे. हे एक धरलं तर बाकीचं आपोआप सुचतं.

सुताराकडं खिडक्या आहेत तोवर तीन गोष्टी तपासा. खालचा दांडा वरनं बाहेरच्या बाजूला उतरता हवा. चार इंच रुंद असेल तर निदान अर्धा इंच उतार. तो दांडा फळ्यांच्या पुढं दीड इंच बाहेर आला पाहिजे. आणि त्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या कडेपासून साधारण १० मिलिमीटर आत, ६ ते ८ मिलिमीटरची एक सलग खाच मारून घ्या. दांड्याच्या पोटाला धरून पाणी मागं भिंतीकडं सरकतं ते त्या खाचेशी तुटून खाली पडतं. जुन्या वाड्यांच्या दगडी छज्जांखालीही अशी खाच दिसते, बघा कधी. ही नसली तर बाकी सगळं करूनही जोत्याच्या वरची फळी भिजत राहते.

पल्ले बाहेर उघडणारे आहेत ना? तेच ठेवा. वारा आला की पल्ला चौकटीवर दाबला जातो. आत उघडणारा पल्ला वारा ढकलून उघडा करतो.

रंगारी, शुक्रवार पेठ · २७ एप्रिल

तेल की रंग, यावर माझं मत स्पष्ट आहे. आत, पावसापासून लांब असेल तर बेलतेल सुंदर. पण पश्चिमेच्या उघड्या खिडकीवर नुसतं बेलतेल लावलं तर आपल्याकडच्या दमट पावसात त्यावर काळी बुरशी धरते, कारण तेल हेच तिचं खाणं. दर वर्षी घासून पुन्हा लावायची तयारी असेल तरच त्या वाटेला जा. पारदर्शक व्हार्निश तर नकोच. ऊन त्यातनं आरपार जातं, खालचं लाकूड करपतं आणि वरचा पापुद्रा सोलून निघतो. मेलामाइन आतल्या फर्निचरसाठी आहे, बाहेर नाही. तुमच्या खिडकीला ऑइल पेंट. रंग फिका घ्या, गडद रंग एप्रिल-मेच्या उन्हात लाकूड फार तापवतो.

सागवानाला स्वतःचं तेल असतं, म्हणून प्राइमरच्या आधी थिनरच्या फडक्यानं पुसून घ्यायचं, नाहीतर रंग धरत नाही. आणि चौकट भिंतीत जायच्या आधी रंगवायची. भिंतीत गेल्यावर पाठ कुणाला दिसत नाही आणि कुणी रंगवतही नाही. खालच्या दांड्याचं पोट, उभ्या दांड्यांची कापलेली टोकं, पल्ल्याची वरची आणि खालची कड इथं प्राइमरचे दोन हात तरी हवेत. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते कापलेल्या टोकातनं. नव्या खिडकीसाठी कडेच्या फळ्या कापाल त्यांच्या टोकांनाही हेच. खिळा मारायच्या आधी ब्रश फिरवा.

काचेची लांबी: खडूची भुकटी आणि बेलतेल मळून केलेली. काच बसायच्या खाचेला आधी प्राइमर मारा. कोरड्या लाकडावर लांबी भरली तर लाकूड तिच्यातलं तेल ओढून घेतं आणि पुढच्या उन्हाळ्यात ती तडकून पडते. काचेच्या मागंही पातळ थर द्यायचा, नुसता पुढनं नाही. वर साय धरायला दोन आठवडे द्या आणि मग रंगाचा हात काचेवर २ मिलिमीटर चढवा. ती बारीक कड पाण्याला अडवते, म्हणून ब्लेडनं खरवडून काढू नका.

एक महत्त्वाचं. बेलतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती वाळताना आतल्या आत तापतात आणि आपोआप पेट घेतात. तुमच्या खोलीत कातडं आणि चिकटवायचं सोल्यूशन असतं. फडकी पाण्यात बुडवा किंवा बाहेर एकेक पसरून वाळवा.

पायताणघर, कळंबा · २९ एप्रिल

रंधा-पटाशी दादा, तुम्ही सांगितलं तसं काल संध्याकाळी केलं. हे बाहेर नळी घेऊन, मी आत बॅटरी घेऊन. खालचा दांडा भिजवला, काही नाही. डावी बाजू, उजवी बाजू, तिथंही काही नाही. वरच्या फळीवर फवारा धरल्यावर थोड्या वेळानं पाणी आलं, पण आलं ते खालच्या उजव्या कोपऱ्यात! वर सगळं कोरडं. आतली पट्टी उचकटून बघितली तर उभ्या दांड्याच्या पाठीवर वरपासून खालपर्यंत काळा ओघळ होता. म्हणजे किती वर्षं पाणी वरनंच येत होतं, आणि आम्ही दर वर्षी खालच्या कोपऱ्यात एम-सील भरत होतो.

दुसऱ्या खिडकीचंही तसंच निघालं. आता वरच्या बाजूला काय करायचं ते सविस्तर सांगा. रंगारीदादा, फडक्यांचं माहीत नव्हतं. सासऱ्यांना लगेच सांगितलं.

रंधा-पटाशी, फुलेवाडी · २९ एप्रिल

छान केलंत. आता नेमकं काम कळलं.

चौकटीच्या वर पत्र्याची एक वाकवलेली पट्टी घालायची. रंगीत पत्र्याचा तुकडा चालेल, छपराच्या कामात उरलेला कुणाकडंही मिळतो. साधा जी. आय. पत्रा सागवानाला लागून राहिला तर लवकर खराब होतो. पत्र्याच्या पन्हाळी करतात त्यांच्याकडं वाकवायचं मशीन असतं, तिथनं करून घ्या. मागचा पाय उभा तीन इंच, तो वरच्या फळीच्या मागं जाईल. मधला भाग चौकटीच्या डोक्यावर बाहेरच्या बाजूला थोडा उतरता. पुढची कड चौकटीच्या पुढं येऊन अर्धा इंच खाली वळलेली. दोन्ही टोकं किंचित वर वळवायची, म्हणजे पाणी कडेनं चौकटीच्या पाठीला जात नाही.

त्यासाठी खिडकीवरची फळी काढावी लागेल. ती पत्र्याच्या मागनं बसवून चालत नाही, पत्र्याच्या पुढनंच आली पाहिजे. ती परत बसवताना तिची खालची कड पत्र्यापासून १० मिलिमीटर वर ठेवा. ही फट बघून सुताराला ती भरावीशी वाटेल. भरू देऊ नका. फळीमागं गेलेलं पाणी पत्र्यावर पडून त्या फटीतनंच बाहेर येतं. फट बारीक ठेवली तर पाणी तिच्यात अडकून राहतं, म्हणून १० मिलिमीटर.

बसवायचा क्रम असा धरा. भोक मोकळं झालं की खालच्या आडव्या लाकडावर तारफेल्टची (डांबर लावलेल्या जाड कागदाची) पट्टी अंथरा. तिची आतली कड इंचभर वर वळवायची आणि पुढची कड खालच्या फळीच्या बाहेरच्या अंगावर उतरवायची. मग दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या, त्यांची खालची टोकं आधीच्या पट्टीच्या वरनं येतील अशा. मग चौकट. मग वर आडवी पट्टी, तिच्यावर पत्रा, पत्र्याच्या उभ्या पायावरनं आणखी एक तारफेल्टचा तुकडा, आणि शेवटी फळी. प्लास्टिकचा कागद सगळ्या भिंतीला गुंडाळू नका, आतली ओल मागं अडकून फळ्या आतनं कुजतील. भोकाभोवती पट्ट्या पुरेत.

सीलंट कुठं मारायचं तर फक्त चौकट आणि तिच्या बाजूच्या उभ्या लाकडी पट्टीच्या सांध्यात. तेही सिलिकॉन नाही, रंग धरणारं पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट. आधी फटीत फोमची गोल दोरी दाबा आणि तिच्यावर सीलंट. मग ते दोनच बाजूंना चिकटतं, लाकूड हललं तरी ताणलं जातं आणि सुटत नाही. खालच्या दांड्याच्या पोटाशी आणि पत्र्यावरच्या फटीत एक थेंबही नको.

तुमच्या सुताराला दोष देऊ नका. विटांच्या भिंतीत चौकट बसवून कडेनं भरायचं, हेच सगळीकडं चालतं. फळ्यांची भिंत हलते, विटांची हलत नाही, एवढाच फरक.

वेळेचं. अजून पाच आठवडे आहेत. प्राइमर, बसवणं आणि रंगाचा पहिला हात होऊन जाईल, पण मेमध्ये वळवाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही, म्हणून एका दिवशी एकच खिडकी उघडी करा. काचेच्या लांबीला वेळ पुरणार नाही असं वाटलं तर काच बाहेरून उतरत्या लाकडी पट्टीनं बसवून घ्या, मागं सीलंटचा थर देऊन. दोन्ही चालतं. ओली लांबी पावसात सापडण्यापेक्षा पट्टी बरी.

सुभाषनगर, चपलेच्या कामातला · ३० एप्रिल

वहिनी, खिडकीचं मला कळत नाही, कातड्याचं कळतं. पाणी बंद झालं की बुरशी बंद, असं समजू नका. जुलैत हवेतच इतकी ओल असते की खोली कोरडी असली तरी कातडं ती ओढून घेतं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं. आपलं हिरडा आणि बाभळीची साल वापरून कमावलेलं कातडं तर जास्तच ओढतं. आणि तळावरचे काळे डाग बघा, ते बुरशीचे नसून लोखंडाचेही असू शकतात. ओलं कातडं खिळ्याला किंवा पत्र्याला टेकलं की तसा डाग पडतो, तो पुसून जात नाही.

तेव्हा नव्या खिडक्या घट्ट झाल्या म्हणून खोली डब्यासारखी बंद करू नका. पूर्वेच्या बाजूला, कौलांच्या खाली, जाळी लावून हवा जायला जागा ठेवा. तिकडनं झड येत नाही. कातडं पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर लांब, लाकडी मांडणीवर, मध्ये हवा खेळेल असं. प्लास्टिकच्या पिशवीत कधीच नको. पंखा रात्रीही मंद चालू ठेवतो आम्ही. वर्षभराचा माल त्या दोन महिन्यांवर अवलंबून असतो, तेव्हा त्या विजेकडं बघत नाही.

पायताणघर, कळंबा · १ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्वेला जाळी काढायचं सासऱ्यांना लगेच पटलं. सुतार भला माणूस आहे, त्याला तुमचं सगळं वाचून दाखवलं. खालच्या दांड्याला खाच मारली नव्हती, ती आज मारून देतोय. त्यानं दोन गोष्टी विचारल्यात. बिजागऱ्या आणि स्क्रू लोखंडीच घेतलेत, ते चालतील का? आणि पल्ला चौकटीत किती सैल ठेवायचा? आता उन्हाळ्यात घट्ट बसवला तर पावसात अडकेल, आणि सैल ठेवला तर पाणी येईल, असं त्याचं म्हणणं आहे.

रंधा-पटाशी, फुलेवाडी · १ मे

बरोबर विचारलंय त्यानं. आत्ता लाकूड सर्वांत कोरडं आहे, म्हणून सगळीकडनं ३ मिलिमीटर सैल ठेवा, बिजागरीच्या बाजूला २ पुरेत. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी फुगतं, तेवढ्यात भागतं. पल्ला रंगवल्यावर ३ राहिले पाहिजेत, रंगाचे थर धरून. या फटीतनं पाणी येईल म्हणून घाबरू नका. चौकटीच्या खाचेला आतनं पल्ला टेकतो तिथं रबराची पट्टी लावा, बाहेरच्या बाजूला नको. आणि पल्ल्याच्या खालच्या आडव्या लाकडाला बाहेरून एक उतरती लाकडी पट्टी मारा, तिच्या पोटालाही तीच खाच. पल्ल्यावरनं ओघळलेलं पाणी मग खालच्या दांड्याच्या पुढच्या भागावर पडतं, फटीत जात नाही.

लोखंडी स्क्रू बदला. सागवानात लोखंड ओलं राहिलं की भोवतीचं लाकूड काळं पडतं आणि स्क्रू सैल होतो. पितळी किंवा स्टेनलेस घ्या, फळ्यांचे खिळेही तसेच. पितळी स्क्रू मऊ असतो, सागवानात सरळ पिळला तर मान तुटते. आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा घालून काढायचा, मग पितळी.

पत्र्याचं माप द्यायला तुम्ही स्वतः जा. चौकटीची रुंदी सांगितली तर तो तेवढाच कापून देईल. दोन्ही बाजूंना चौकटीच्या आणि उभ्या लाकडी पट्टीच्याही बाहेर इंच-इंच जास्त, आणि टोकं वर वळवायला आणखी अर्धा-अर्धा इंच. दोन खिडक्यांच्या चौकटी वेगवेगळ्या मोजा, जुन्या कामात दोन भोकं सारखी नसतात. दक्षिणेच्या खिडकीचा पत्राही याच फेरीत करून घ्या. ती अजून कुजली नसली तरी तिच्यावरची फळी तशीच बसवलेली असणार.